हिरवा दिवा आणि सर्जाची शिंगं

लॅपटॉप दुरुस्त करता येणं आणि जावई असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या सासरवाडीत कुणालाही मान्य नाही.

मी तळेगावला एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. नट, बोल्ट, हातमोजे, खराटे. कोण काय घेऊन गेलं ते कॉम्प्युटरवर चढवायचं, एवढंच माझं काम. पण एकदा सासऱ्यांना सातबारा हवा होता आणि वडगावला जायला सवड नव्हती, तेव्हा मी तो ओट्यावर बसल्या बसल्या मोबाईलवर काढून दाखवला. झालं! त्या दिवसापासून कार्ल्याजवळच्या त्या वाडीत मी 'इंजिनेर पाव्हणं' झालो. टीव्हीवर मुंग्या आल्या, मोटर पाणी उचलेना, कुणाचा मोबाईल हौदात पडला, की ती वस्तू फडक्यात गुंडाळून माझ्यासाठी राखून ठेवतात. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. बंद पडलेली कुठलीही वस्तू दिसली की आत काय असेल या कुतूहलानं माझी बोटं शिवशिवायला लागतात. लहानपणी मी घरातलं गजराचं घड्याळ असंच उघडलं होतं. (ते पुन्हा कधी वाजलं नाही. पण गजर कुठून वाजतो हे आमच्या आळीत फक्त मलाच ठाऊक होतं!)

यंदा गावच्या जत्रेच्या दोन दिवस आधीच मी आणि बायको, सुरेखा, घोरावाडीला लोकल पकडून मळवलीला उतरलो आणि सासरवाडीला पोचलो. पायावर पाणी घेतो न घेतो तोच सासरे एक काळी पिशवी घेऊन समोर उभे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, मीही आबाच म्हणतो.

"पाव्हणं, च्या घ्या. मंग ह्ये जरा बघा."

पिशवीतून त्यांनी एक लॅपटॉप काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. (त्या खुंटीकडे मी तेव्हाच नीट बघितलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.) लॅपटॉप माझ्या मेहुण्याचा, संतोषचा, डिप्लोमाच्या वेळचा. जाडजूड, काळा, कोपऱ्याला चिकटपट्टी लावलेला. संतोष आता लोणावळ्याला एका हॉटेलात नोकरीला, त्यामुळे लॅपटॉप कित्येक वर्षं माळ्यावर भाताच्या पोत्यांशेजारी पडून होता.

"याच्यात आमचा सर्जा हाय," आबा म्हणाले.

सर्जा म्हणजे आबांचा बैल. नुसता बैल म्हटलेलं आबांना चालत नाही. घाटावर, म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीच्या चढावर, गाडा सुटला की सर्जा मान अशी खाली घालायचा की बघणाऱ्याला वाटावं हा आता जमिनीत शिरतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत निशाणापाशी! ज्या वर्षी माझं लग्न झालं त्या वर्षीच्या जत्रेत सर्जानं बारी, म्हणजे घाटावरची धाव, जिंकली, ती मी स्वतः बघितली. बघितली म्हणजे, नवा जावई म्हणून मला मानानं अगदी पुढे उभं केलं होतं; पण गाडा कुठून सुटतो, घोडी पुढे का पळवतात, दोरी कोण धरतं, हे सगळं बघायच्या नादात मी इतका इकडेतिकडे वळत होतो की ऐन वेळी माझी पाठ घाटाकडे होती. त्यानंतर शर्यतींवर बंदी आली. ती उठेपर्यंत सर्जा थकला, आणि उठली तेव्हा गोठ्यातली त्याची दावण रिकामी होती.

"पोरं गल्लीत भिर्रर्र करून वरडली तरी कान टवकारायचा," आबा म्हणाले. "शेवटाला उभं ऱ्हाता येत न्हवतं, तरी कान टवकारायचा." एवढं बोलून ते उगाचच खांद्यावरच्या टॉवेलनं लॅपटॉपवरची धूळ पुसू लागले. मला खरंच गलबलून आलं.

यंदा गावकीनं ठरवलं होतं की जुन्या नामांकित बैलांचे फ्लेक्स लावायचे, घाटाच्या रस्त्याला, एकापुढे एक. बाकीच्यांनी फोटो कधीच दिले होते. सर्जाचा फोटो एकच. संतोषनं तेव्हा मित्राचा कॅमेरा मागून आणून ऐन बारीच्या वेळी काढलेला, आणि तो होता या लॅपटॉपच्या पोटात. वडगावचा फ्लेक्सवाला म्हणाला होता, आज संध्याकाळपर्यंत फोटो आला तर ठीक, नाहीतर तुमच्या सर्जाची जागा रिकामी राहील. आणि लॅपटॉप काही केल्या चालू होत नव्हता.

"आबा, काळजी करू नका," मी म्हणालो. हे वाक्य मी फार लवकर बोलतो.

खिडकीत एक काळा चार्जर लोंबत होता. काळा लॅपटॉप, काळा चार्जर. यात विचार करण्यासारखं काय होतं? मी त्याची पिन लॅपटॉपच्या भोकात खुपसली. जरा सैल बसली, पण म्हाताऱ्या वस्तूचे सांधे सैल व्हायचेच. बटण चालू केलं आणि चार्जरवर टुपकन हिरवा दिवा लागला!

"बघा! करंट आहे," मी म्हणालो.

सासूबाई हातातलं कुरडयांच्या चिकाचं पातेलं तसंच धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग आबांकडे. आबांनी डोळ्यांनीच त्यांना काहीतरी सांगितलं. मी म्हणालो, "मामी, काय झालं?"

"काय न्हाई, काय न्हाई. तुमचं चालू द्या," असं म्हणून त्या लगबगीनं आत गेल्या. मला वाटलं, बाईमाणूस, दिवा बघून अचंबित झाली.

मी लॅपटॉपचं बटण दाबलं. काही नाही. जोरात दाबलं. काही नाही. हळूच, बेसावध गाठल्यासारखं दाबलं. तरी काही नाही. हिरवा दिवा मात्र ऐटीत जळत होता. म्हणजे बॅटरी फुल आहे, चार्जर ठणठणीत आहे, आणि दोष आत कुठेतरी खोलवर आहे, असा निष्कर्ष मी काढला. माझं कुतूहल आता पुरतं जागं झालं होतं.

एवढ्यात शेजारचे नारायणभाऊ आले. पाठीवरचा फवारणी पंप त्यांनी ओट्यावर टेकवला आणि माझ्यासमोर मांडी ठोकून बसले.

"झालं का, पाव्हणं?"

"होईल, होईल. भाऊ, हे फार नाजूक यंत्र असतं."

"व्हय, व्हय." भाऊ हिरव्या दिव्याकडे टक लावून बघत होते. "हिरवा लागला की काढायचा आसतो न्हवं?"

वा! म्हातारा माणूस, पण काय ही जिज्ञासा! मला भरून आलं. मी त्यांना बॅटरीत वीज कशी साठते, ती पडद्यापर्यंत कशी जाते, हे सगळं समजावून सांगितलं. (मला जेवढं येत होतं तेवढं. उरलेलं मी हातवाऱ्यांत भागवलं.) भाऊंनी शेवटपर्यंत मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, "मंग, आता काढायचा का?"

"छे! अजून सुरुवातच आहे."

भाऊ बरं म्हणाले आणि पंपाला टेकून बसून राहिले.

मोबाईलवर असल्या आजारांचे उपाय सांगणारी पोरं खंडीभर असतात. पण त्या घरात व्हिडिओ चालण्याइतकी रेंज मिळते ती फक्त स्लॅबवर, पाण्याच्या टाकीला चिकटून. तेव्हा एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात मोबाईल, गळ्यात चार्जर असा मी जिना चढलो. स्लॅबवर कुरडयांचा कारखाना होता. पहाटेपासून सासूबाई सोऱ्या फिरवत होत्या, आता सुरेखाही त्यांच्या हाताशी होती, आणि प्लास्टिकच्या कागदावर पांढऱ्याशुभ्र कुरडया ओळीनं उन्हात पडल्या होत्या. मोबाईलमधला पोरगा सांगत होता, "पॉवर का बटन दबाके रखिये..." मी तो काय सांगतोय ते बघत, बटण दाबून धरत, टाकीच्या दिशेनं सरकत गेलो. पायाखाली काहीतरी गार आणि लिबलिबीत लागलं.

"अहो!" सुरेखा किंचाळली. "खाली बघा ना!"

मी दचकून मागे सरकलो. मागे कुरडयांची दुसरी ओळ होती.

"आसू द्या, आसू द्या," सासूबाई म्हणाल्या. "कुरडयाच हायत. जावयबापूंच्या पायाला भाजलं तर न्हाई?"

"आई, त्यांना काही भाजत नाही! ते आले की आपल्यालाच भाजतं," सुरेखा म्हणाली. तिनं माझ्या पायांचे ठसे असलेल्या कुरडया वेगळ्या काढल्या. "ह्या तुमच्यासाठी. तळून देईन."

बटण दाबून धरल्यानं काही झालं नाही. बॅटरी काढून पुन्हा घातल्यानंही काही झालं नाही. मग माझ्या डोक्यात आलं: ओल! इथला पाऊस म्हणजे भिंतीला शेवाळ आणि चपलांना बुरशी. इतके पावसाळे माळ्यावर काढलेल्या लॅपटॉपची हाडं ओलीच असणार. तेव्हा मी तो उघडून, कुरडयांच्या शेजारी, कडक उन्हात पालथा घातला. सासूबाईंनी त्यावर धूळ बसू नये म्हणून जुनं पातळ पांघरलं. कावळे यायला लागले म्हणून आबा काठी घेऊन राखणीला बसले. खालून नारायणभाऊंचा आवाज आला, "पाव्हणं, झालं का?"

"वाळतोय!" मी वरून ओरडलो.

थोड्या वेळानं भाऊ स्वतःच वर आले. गळ्यात चार्जर अडकवलेल्या माझ्याकडे त्यांनी मोठ्या आशेनं बघितलं. "आता वाळस्तवर चार्जर मोकळाच हाय म्हना की."

"मोकळा कसला! वाळला की लगेच लावायचाय."

भाऊंनी एक उसासा टाकला. काय ही तळमळ, मी मनात म्हणालो. दुसऱ्याच्या लॅपटॉपसाठी कोण इतका जीव टाकतं आजकाल!

वाळवून, खाली आणून, चार्जर लावून बघितलं. हिरवा दिवा चालू, लॅपटॉप बंद. आबा उठले आणि देवळातून चिमूटभर भंडारा घेऊन आले. "नाथाचा हाय. लावून बघू." मी विज्ञानवादी माणूस, पण सासऱ्यांना नाही कसं म्हणायचं? त्यांनी श्रद्धेनं भंडारा लावला. तो बरोबर पंख्याच्या जाळीवर पडला आणि आत गेला. मग मात्र मला लॅपटॉप उघडायला अधिकृत कारण मिळालं.

सासूबाईंच्या शिलाई मशीनचा पेचकस आणि उसना आणलेला धीर, एवढ्या साहित्यावर मी कामाला लागलो. एकेक स्क्रू परातीत पडत होता. मागची पाटी निघाली आणि आत बघून मी हरखून गेलो. काय नव्हतं तिथे? भाताचा तूस होता. धान्यातले मेलेले टोके होते. पंख्याच्या कोपऱ्यात कुंभारमाशीनं मातीचं टुमदार घर बांधलं होतं आणि त्यावर ताजा भंडारा पडल्यानं ते एखाद्या देवळासारखं दिसत होतं. मी प्रत्येक वस्तू काढून सगळ्यांना दाखवली. ओट्यावर आता आणखी चार माणसं जमली होती, आणि प्रत्येक वस्तूला "आयला!" अशी दाद मिळत होती. माझ्या आयुष्यात एवढी गर्दी माझ्याभोवती लग्नानंतर पहिल्यांदाच जमली होती.

रॅम नावाची पट्टी काढून तिचं पिवळं टोक घासायचं असतं, हे त्या मोबाईलमधल्या पोरानं सांगितलं होतं. ती हातात घेतली तर सासूबाई पुढे वाकल्या.

"पितळ हाय का हो ह्ये?"

"तसंच काहीसं."

"मंग चिंच देऊ? समई लखलखती बगा चिंचेनं."

मी क्षणभर विचार केला, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. शेवटी मी ती पट्टी शर्टाच्या टोकानं पुसली. त्या नादात पंखाही काढला, पंख्याखालचंही काहीतरी काढलं, आणि कशाखाली काय होतं हे आठवेनासं झालं तेव्हा थांबलो. परात भरली होती. हिरवा दिवा चालूच होता, पण आता लॅपटॉप असा उरलाच नव्हता.

तेवढ्यात आबांचा मोबाईल वाजला. वडगावचा फ्लेक्सवाला! "व्हय... व्हय... चालू हाय काम. जावई सोता करत्यात. इंजिनेर हायत." त्यांनी मोबाईल खिशात ठेवला आणि परातीकडे बघितलं. "ते म्हनतंय, बाकीचं छापून झालं. सर्जाचंच ऱ्हायलंय. तासाभरात देताय का."

आबा रागावले नाहीत. आवाज चढवला नाही. परातीतला एक स्क्रू उचलून त्यांनी तळहातावर फिरवला आणि पुन्हा हळूच ठेवला. "न्हाई जमलं तर ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. तुमी दिसभर उन्हात बसला. सर्जा काय, डोळं मिटलं की दिसतोय आमाला." त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं! आपण या भल्या माणसाचा बैल दुसऱ्यांदा मारला, असं मला वाटलं. माझी मान खाली गेली.

"दुकानात न्या म्हणून सकाळपासून सांगतेय," सुरेखा म्हणाली. "पण आधी आत बघायचं असतं ना!"

तेवढ्यात नारायणभाऊ खाकरले.

"पाव्हणं, राग मानू नका. तुमचं यंत्र आज काय चालत न्हाई आसं दिसतंय."

"हो भाऊ."

"मंग तवर पंपाचा चार्जर द्या की मोकळा करून. आमचा उंदरानं कुरतडला म्हनून सकाळधरनं बसलोय. मिरचीवर मावा पडलाय. त्यो काय थांबत न्हाई."

"कुठला पंपाचा चार्जर?"

भाऊंनी माझ्या हातातल्या वायरीकडे बोट दाखवलं. मग त्याच बोटानं ओट्यावरच्या फवारणी पंपाकडे. ती वायर, तो हिरवा दिवा, ती सैल पिन; सगळं माझ्या डोळ्यांपुढून गरगरत गेलं.

"हा... हा फवारणी पंपाचा चार्जर आहे?"

"व्हय की," आबा म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरचाच हाय. मला न्हाई म्हायत व्हनार?"

"मामी, तुम्हाला?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "तुमी खुपसला तवाच दिसला. पर म्हनलं, येवढं शिकल्यालं मानूस. कायतरी विचार करूनच लावला आसंल. जावयाला कसं सांगायचं, ह्ये चुकलं म्हनून?"

"आणि भाऊ, तुम्ही?"

"मी तर गावचा मानूस. घरची मानसं बोलंनात, मी कसा बोलू?" भाऊ म्हणाले. "मला वाटलं, लॅपटॉपातनं पंप चार्ज करायची नवी तऱ्हा हाय."

ओट्यावरच्या उरलेल्या चारही माणसांनी माना डोलावल्या. म्हणजे तेही ओळखून होते! सगळी वाडी सकाळपासून एका माणसाला पंपाच्या चार्जरवर लॅपटॉप चालवताना बघत होती, आणि त्या माणसाचा मान राहावा म्हणून गप्प होती. फक्त सुरेखाला माहीत नव्हतं. तिला माहीत असतं तर मान राहिला नसता, पण दिवस वाचला असता.

"मग लॅपटॉपचा चार्जर कुठंय?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"त्याच्याच पिशवीत हाय की," आबा म्हणाले. आणि आम्ही सगळ्यांनी खुंटीकडे बघितलं.

पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात तो निवांत गुंडाळून ठेवलेला होता. भाऊ पंपाचा चार्जर घेऊन जवळजवळ पळतच गेले. इकडे मी परातीतला लॅपटॉप पुन्हा जुळवायला बसलो. त्या घटकेला हॉटेलातली पाळी संपवून संतोषही आला आणि दारातच थबकला.

"दाजी, हे काय? साधं चार्ज करायचं होतं ना?"

"सर्व्हिसिंग केलं," मी म्हणालो.

संतोषनं पंख्याखालचं पंख्याखाली आणि वरचं वर कसं लावायचं ते बरंचसं आठवून सांगितलं. पाटी बसली. स्क्रू थोडे उरले. ते मी कुणाचं लक्ष नसताना खिशात टाकले. (कारखान्यात आहेत अजून. चढवून ठेवलेत.) खरा चार्जर लावला. त्याला तर कुठला दिवाच नव्हता! मी बटणावर बोट ठेवलं. आबांनी टॉवेल हातात घट्ट धरला होता. सासूबाईंनी डोळे मिटले होते.

लॅपटॉप खोकला. आत काहीतरी घरघरलं, जाळीतून तूस आणि भंडारा यांचा एक लोट बाहेर येऊन थेट माझ्या तोंडावर बसला, आणि पडदा उजळला!

"आला, आला!" आबा लहान पोरासारखे ओरडले. पिवळ्या तोंडानं मी जिंकल्यासारखं सगळ्यांकडे बघितलं. संतोषनं शोधून शोधून 'सर्जा' नावाचा कप्पा काढला. आत एकच फोटो होता. "दुसरा काढायच्या आत कॅमेऱ्याचे सेल गेले होते," तो म्हणाला आणि त्यानं फोटो उघडला.

फोटोत घाट होता. उधळलेला भंडारा होता. टोप्या उडवणारी माणसं होती. आणि बरोबर मधोमध, पडदाभर, मी होतो! लग्नातला कोट घातलेला, घाटाकडे पाठ करून, तोंड उघडं टाकून, कॅमेऱ्यात काय आहे ते वाकून बघणारा मी. माझ्या डोक्याच्या मागून दोन डौलदार शिंगं वर आली होती आणि माझ्या उजव्या कानाशेजारी एक टपोरा डोळा दिसत होता. बाकी सगळा सर्जा माझ्यामागे होता.

मी हळूच पडद्यासमोरून बाजूला झालो.

"मी तेव्हा सांगत होतो, दाजी बाजूला व्हा, दाजी बाजूला व्हा," संतोष पुटपुटला. "पण नवीन जावई... ओरडून कसं सांगणार?"

मी आबांकडे बघितलं. आबा पडद्याजवळ गेले. त्यांनी बोट पुढे करून माझ्या कानाशेजारच्या त्या डोळ्यावर अगदी अलगद ठेवलं. "त्योच हाय," ते म्हणाले. "ही डाव्या शिंगाला खाच बगा. गोठ्याच्या दाराला लागली व्हती." त्यांचे डोळे भरून आले होते. "सर्जाच हाय माझा."

संतोषनं फोटो वडगावला पाठवला. लगेच फ्लेक्सवाल्याचा उलट फोन आला, आबांनी मोठ्या आवाजात लावला. "आबा, यातला माणूस काढून टाकू का? मागं थोडा बैल जोडता येईल."

"हो, हो! काढा मला," मी घाईनं म्हणालो.

"छ्या!" आबा कडाडले. "जावई हाय त्यो! जत्रेच्या तोंडावर जावयाला कापायचा? लोक काय म्हनतील? आनि आमच्या पोरीला काय वाटंल?"

"काढा की," सुरेखा आतून म्हणाली. "माझी काही हरकत नाही."

पण आबांपुढे कुणाचं चालत नाही. फ्लेक्स जसाच्या तसा छापला गेला. जत्रेच्या दिवशी सकाळी मी तो बघितला, कार्ल्याच्या फाट्यावर, घाटाच्या रस्त्याच्या तोंडाशीच, हायवेवरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीला दिसेल असा. वर लिहिलं होतं 'घाटाचा राजा'. खाली 'कै. सर्जा यास भावपूर्ण आदरांजली'. मध्ये माझं तोंड. दुपारपर्यंत सुरेखाला कारखान्यातल्या लोकांचे फोन यायला लागले. "वहिनी, काय झालं हो अचानक? परवापर्यंत तर चांगले होते." तिनं एकदोघांना खरं काय ते सांगितलं. मग कंटाळून नुसतं "देवाची मर्जी" म्हणायला लागली.

शर्यती सुरू व्हायच्या आधी सगळे मालक आपापल्या बैलांच्या फ्लेक्सला झेंडूची माळ घालत होते. आबा नवी टोपी घालून आले. नारायणभाऊ आले, मिरची वाचली होती, म्हणून खुशीत होते. मला मानानं पुढे उभं केलं. (या खेपेला मी अजिबात वळलो नाही.) आबांनी माळ घेऊन हात उंच केले. पण फ्लेक्स होता चांगला डोक्यावर, आणि आबांचं वय झालेलं. शिंगांपर्यंत काही त्यांचा हात पोचेना. शेवटी जिथवर पोचला तिथे त्यांनी माळ अडकवली. ती बरोबर माझ्या गळ्यात पडली.

मग दोन पावलं मागे येऊन, हात जोडून, भरल्या डोळ्यांनी फ्लेक्सकडे बघत आबा म्हणाले, "लय गुनाचा व्हता. उभ्या जल्मात कदी कुनाच्या मधी आला न्हाई."

आणि सगळ्या वाडीनं, जावयाचा मान राखून, माझ्याकडे न बघता मान डोलावली.